नवरीच्या कपाळावरचा उंचवटा

रिसालदार सकपाळ कुठल्याही वाहनात बसण्याआधी त्याची समोरची काच पाहत. गाडी कुणाची, कुठे निघाली, जागा आहे का, हे सगळं नंतर. आरशाला माळ लटकत असेल, काचेवर लिंबूमिरची डोलत असेल, तर ते मागे सरकून पुढच्या गाडीची वाट पाहत. पोलादपूरच्या नाक्यावरचे सहा आसनी रिक्षांचे चालक हे ओळखून होते. रिसालदार लांबून येताना दिसले की एकदोघे मुकाट्याने माळा काढून खिशात घालत.

एका नव्या चालकाला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या काचेवर चमकीच्या झिरमिळ्यांचं तोरण होतं आणि मधोमध एक लहानशी काळी बाहुली. त्या दिवशी नाक्यावर दुसरी गाडी नव्हती, म्हणून रिसालदार त्याच्या शेजारी बसले.

"हे कशाला?"

"नजर लागू नये म्हनून, आबा."

"पुढच्या वळणावर म्हैस आहे. कुठल्या बाजूला?"

चालकाने मान वाकवून तोरणाखालून पाहिलं. "उजवीकडं."

"मान का वाकवलीस?"

मागे बसलेल्या बायका हसल्या. चालकाने हात वर करून तोरण सोडवलं. महाड येईपर्यंत तोरण त्याच्या मांडीवर होतं. वळणावर म्हैस नव्हतीच, हे त्याला बहुधा दुसऱ्या दिवशी कळलं.

रिसालदार गेल्या माघात गेले. त्यांचे हुद्दे, बदल्या आणि पदकं त्यांच्या घरी भिंतीवर चौकटीत लावलेली आहेत. ती इथे उतरवून घेण्याचं कारण नाही. पोलादपुरात त्यांची आठवण निघते ती काचेवरून. दुसरी एक गोष्ट आहे, तळहातावर मावणाऱ्या एका रणगाड्याची. ती थोड्यांना माहीत आहे.

त्यांची माझी ओळख मी वर्तमानपत्रासाठी केलेल्या, माजी सैनिकांवरच्या एका पुरवणीच्या निमित्ताने झाली. पुरवणी छापून रद्दीत गेली, जाणंयेणं चालू राहिलं. त्यांचं घर उमरठच्या रस्त्याला, वस्ती संपून भातखाचरं सुरू होतात तिथे होतं. पावसाळ्यात घाटावरून धुकं उतरायचं आणि अंगणाच्या दगडी गडग्याशी येऊन थांबायचं. कधी गडगा ओलांडून आत यायचं. मग ओटीवर बसलेल्या माणसाला फाटक दिसत नसे, फाटकातल्या माणसाला ओटी. अशा वेळी रिसालदार नुसता आवाज देत, "थांबू नका. सरळ या. वाटेत काही नाही."

ते खरं होतं. त्यांच्या घरात वाटेत काही नसे. खिडक्यांना पडदे नव्हते. दारासमोर तुळस नव्हती, ती बाजूला होती. बुटका बांधा, खांद्यात रुतलेली मान. "उंच माणसाला पायदळ आहे," असं ते म्हणत. रणगाड्याचा चालक म्हणून सुरुवात केली आणि पुढे चालकांना शिकवलं. डाव्या कानाने ऐकू येत नसे. कुणी डावीकडून बोलू लागलं तर ते त्याचा दंड धरून त्याला उजवीकडे आणून उभं करत आणि मग म्हणत, "हां, बोला."

दसऱ्याला आमच्याकडे घरोघर 'नवं' बांधतात. हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडूचं नाहीतर कुरडूचं फूल, अशी जुडी दोऱ्याने गुंडाळायची आणि दाराला, कणगीला, नांगराला बांधायची. वर्षभर जे राबलं त्याला नव्या पिकाचा पहिला मान. आता मोटरसायकलला आणि मिक्सरलाही बांधतात. शेवंताकाकी, म्हणजे रिसालदारांच्या पत्नी, स्कूटरच्या हँडलला नवं बांधत. रिसालदार ते सोडून मागच्या नंबरपाटीखाली बांधत.

"सगळ्यांचा देव पुढं बसतो," काकी म्हणायच्या, "आमचा मागं. डबल सीट."

नोकरीतल्या गोष्टी रिसालदार क्वचित सांगत, आणि सांगत त्या बहुतेक एकाच यंत्राच्या. तो प्रयोगासाठी बांधलेला रणगाडा होता. फौजेत पुढे आलाच नाही. मोजकेच नमुने तयार झाले, वाळूच्या मुलखात त्यांच्या चाचण्या झाल्या आणि काम थांबलं. त्यातल्या एकाचे चालक सकपाळ होते. जागा कुठली, वर्ष कुठलं, कागदोपत्री नाव काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. "सांगायचं नाही, असं सांगितलं होतं," एवढंच. रद्द झालेल्या गोष्टीचं गुपित इतकी वर्षं कशाला पाळायचं, असं विचारल्यावर म्हणाले, "रद्द रणगाडा झाला. शब्द नाही झाला."

गाडीवरची माणसं त्या रणगाड्याला 'नवरी' म्हणत. हे नाव तोफ चालवणाऱ्या बाळारामने ठेवलं होतं. बाळाराम वरंधचा, सकपाळ पोलादपूरचे. एका पलटणीत दोघंच एका मुलखातले. दर थोड्या दिवसांनी कुठली तरी समिती नवरी पाहायला यायची. तिला धुवायचं, पुसायचं, चालवून दाखवायचं. पाहुणे चहा पीत, माना हलवत, कळवतो म्हणत आणि निघून जात. "बघायला सगळे येतात," बाळाराम म्हणायचा, "पोहे खातात. पसंत कोणी करत नाही." रिसालदार हे सांगताना हसत. नवरीचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. भंगारात गेली असावी. बाळाराम पुढच्याच पावसाळ्यात लष्करी इस्पितळात काविळीने गेला.

तीन वर्षांपूर्वी, श्रावणात, त्यांच्या मुलाने पनवेलहून एक खोकं आणलं. संदीपला इंटरनेटवर ते अचानक दिसलं होतं. परदेशातली एक छोटी कंपनी विस्मरणात गेलेल्या रणगाड्यांच्या प्रतिकृती करते. रेझिनचे ओतीव भाग सुटे देतात, ते घासून, चिकटवून, रंगवून आपण पूर्ण करायचे. त्या यादीत नवरी होती.

रिसालदारांनी खोकं उघडलं. खडूच्या रंगाचे तुकडे पिशव्यांत भरलेले होते. त्यांनी एक तुकडा उचलला, वास घेतला, ठेवला. दुसरा उचलला. सगळे तुकडे पाहून व्हायला तास गेला असेल. मग म्हणाले, "ही ती नाही. हिची बहीणही नाही."

चाकं सारख्या अंतरावर बसवली होती. खऱ्या गाडीत शेवटच्या दोन चाकांमध्ये जास्त जागा होती. चालकाचं झाकण मधोमध होतं. ते डावीकडे हवं होतं. धुराचं नळकांडं उजव्या अंगाला काढलं होतं.

"ते डावीकडे होतं कशावरून?" संदीपने विचारलं.

रिसालदारांनी स्वतःच्या डाव्या कानावर टिचकी मारली.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. आधी सगळे तुकडे भांड्यांच्या साबणाने धुऊन घेतले, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. "माझ्या परातीत रणगाडा भिजतोय," काकींनी शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. "आज भाकऱ्या तोफेवर थापते." ओतताना राहिलेले हवेचे फुगे त्यांनी पुट्टीने भरले. तोफेची नळी वाकडी होती. ती गरम पाण्यात धरून सरळ केली, पण चार दिवसांनी पुन्हा वाकली. तेव्हा महाडच्या बाजारातल्या छत्रीवाल्याकडून एक जुनी काडी आणून तिची नळी बसवली. कोकणातल्या छत्रीची काडी वाकत नाही, वारा तिला आधीच शिकवून गेलेला असतो, हे त्यांचं मत. घासकाम दारातच, ओल्या फडक्यावर, तोंडाला रुमाल बांधून.

मापं मात्र कुठे नव्हती. नकाशा नव्हता, फोटो नव्हता. चाचणीच्या जागी जवानांना कॅमेऱ्याची बंदी होती. रिसालदारांकडे जे होतं ते त्यांच्या अंगात होतं. ते काढण्याची त्यांची एक पद्धत होती आणि ती मी बरेचदा पाहिली.

अंगणात एक प्लास्टिकची खुर्ची होती, पाय थोडे कापून बुटकी केलेली. तीत ते बसत. पाठ मागे रेलत, गुडघे वर घेत आणि डोळे मिटत. काही वेळ काहीच होत नसे. पागोळ्या पडत, डोंगराकडून धुकं येई आणि खुर्चीचे पाय दिसेनासे होत. मग त्यांचा डावा पाय हळूच खाली दाबला जाई. उजवा हात पुढे जाऊन कशावर तरी मिटे. खांदा एका बाजूला झुके, जणू खाली जमीन कलली आहे. चेहऱ्यावर ऊन असल्यासारखे ते डोळे बारीक करत, मिटलेलेच. पोलादपूरच्या पावसात बसलेला तो माणूस त्या वेळी कोरड्या वाळूतून जात असे, हे बघणाऱ्यालाही जाणवायचं. आपणही आवाज न करता बाजूला व्हायचो. मध्येच त्यांचा हात डोक्यावर जाई, झाकणाची कडा चाचपून पाही आणि तिथेच थांबे. ते तसाच हात हवेत ठेवून हाक मारत, "शेवंता, टेप!"

काकी टेप घेऊन येत आणि रिकाम्या हवेचं माप घेत. "चालले होते वाळवंटात," त्या आम्हाला सांगत. "जेवायला तरी या म्हनलं परत."

त्या मापाला प्रतिकृतीच्या प्रमाणाने भागायचं आणि कानस उचलायची. झाकण डावीकडे गेलं. शेवटची चाकं कापून, सरकवून, पुन्हा जोडली गेली. भाद्रपद लागेपर्यंत खडूच्या रंगाचा तो ठोकळा नवरीसारखा दिसू लागला, असं ते म्हणाले. आम्ही कुणी नवरी पाहिली नव्हती.

याच दिवसांत ते विसरू लागले होते. मला त्यांनी दोनदा संदीप म्हणून हाक मारली. महाडला जायला निघाले आणि भलत्याच थांब्यावर उतरून उभे राहिले. ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, लक्ष ठेवा. काकींनी हे मला ते न्हाणीघरात असताना सांगितलं. "त्यांना म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून तर ह्या गाडीच्या मागं लागलेत. हाय तंवर काढून ठेवायचं म्हनतात."

एक गोष्ट शिल्लक होती. समोरच्या उतरत्या पत्र्यावर, चालकाच्या झाकणाच्या खाली, एक उंचवटा ओतलेला होता. तांदळाचे चारपाच दाणे एकत्र ठेवावेत एवढा. त्यावर बारीक रेषा होत्या आणि एका बाजूने एक चपटी जीभ बाहेर आली होती. माहितीपत्रकात त्याला 'उपयोग अज्ञात असलेली खुंटी' म्हटलं होतं.

"नवरीच्या कपाळावर टेंगूळ," रिसालदार म्हणाले. "हा पत्रा मी रोज पुसत होतो. फडकं कुठे अडकायचं नाही. शिवाय चालकाच्या नजरेसमोर कोण खुंटी लावेल?"

ते कापण्याआधी मात्र कंपनीने चूक मान्य करावी, अशी त्यांची इच्छा होती. संदीपने सगळ्या दुरुस्त्या लिहून ईमेल केला. उत्तर आठवड्याभरात आलं. भाषा नम्र होती. चाकं, झाकण, नळकांडं याबद्दल पुरावा असल्यास कृपया पाठवावा. खुंटीबद्दल मात्र शंका नाही. या रणगाड्याचा एकमेव उपलब्ध फोटो सोबत जोडला आहे, त्यात ती दिसते.

संदीपने फोटो छापून आणला. काळापांढरा, दाणेदार, समोरून थोडा तिरका घेतलेला. रणगाड्याचा मागचा भाग आणि चाकं धुळीत हरवलेली. माणूस एकही नाही. आणि उतरत्या पत्र्यावर, झाकणाच्या खाली, एक करडा डाग. सावली नव्हती, तिथे काहीतरी होतं.

त्या दुपारी रिसालदार भिंग घेऊन ओटीवर बसले ते दिवे लागेपर्यंत. भिंगातून डाग मोठा व्हायचा, स्पष्ट व्हायचा नाही. शेवटी त्यांनी फोटो उलटा ठेवला.

"हे जर मी विसरलो असेन," ते म्हणाले, "तर बाकीचं कशावरून आठवलं? चाकं कशावरून? मी रचलं असेल."

संदीप म्हणाला, "बाबा, एक खुंटी तर आहे."

"खुंटीचं नाही रे."

अर्धवट जोडलेली नवरी आणि सुटे तुकडे खोक्यात गेले. बुटकी खुर्ची अंगणात तशीच राहिली. तिच्यात पाणी साठलं, पानं पडली. रिसालदार ओटीवर बसत, पण डोळे मिटत नसत. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायला ते पूर्वीही वेळ घेत. आता उत्तर देऊन झाल्यावर विचारणाऱ्याकडे पाहत, बरोबर आलं का म्हणून. काकींना त्याचीच जास्त भीती वाटत होती.

गणपती झाल्यावर ते दरवर्षी वरंधला जात. बाळारामच्या पत्नी पार्वतीबाई तिथे राहतात. जाताना घरची काकडी, पडवळ, चहाची पुडी न्यायची, तासभर बसायचं, परत यायचं; बाळाराम गेल्यापासूनचा नेम. या वर्षी त्यांना एकटं पाठवायचं नव्हतं, म्हणून काकींनी मला गाडी काढायला सांगितली. निघताना काकडीच्या पिशवीवर त्यांनी ते खोकंही ठेवलं.

"हे कशाला?"

"तिचा नवरा कुठं बसायचा ते दाखवा तिला. टाकून द्यायचं तर येताना नदीत टाका."

महाड मागे पडलं आणि वरंधच्या रस्त्याला ढग खाली आले. वर घाट होता, पण दिसत नव्हता. डोंगराच्या जागी नुसता पाण्याचा आवाज होता. भातं पोटरीवर आली होती, लोंब्या फुटायच्या बेतात. रिसालदार वाटभर समोर पाहत राहिले. माझ्या गाडीच्या काचेवर काही नव्हतं.

पार्वतीबाई सत्तरीच्या आहेत. बारीक, काटक, डोळ्याला चष्मा नाही. त्यांनी खोक्यातला रणगाडा दोन्ही हातांत घेतला, तान्ह्या मुलाला घ्यावा तसा, मानेला आधार देऊन.

"एवढीच व्हती?"

"नाही हो वहिनी. तुमच्या या घराएवढी. बाळाराम इथं वर बसायचा. मी इथं खाली. दिसायचो नाही एकमेकाला. त्याचा आवाज तेवढा यायचा माझ्या कानात."

"काय बोलायचे?"

"काम असेल ते. नसेल तेव्हा तुमच्या हातचं माशाचं कालवण."

त्या हसल्या. बोट फिरवत त्यांनी सगळा रणगाडा चाचपला. बोट समोरच्या पत्र्यावर येऊन अडलं.

"ह्ये काय?"

"ती चूक आहे," रिसालदार म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "किंवा माझी आहे. फोटोत दिसतं. मला आठवत नाही."

पार्वतीबाई उठून दारात उजेडाला गेल्या. रणगाडा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि त्यांच्यापलीकडे दारात धुकं होतं.

"भावोजी, ह्यो फोटो दसऱ्याचा हाय काय?"

"कुणास ठाऊक. का?"

"मग ह्ये नवं हाय."

रिसालदारांनी त्यांचा दंड धरून त्यांना उजवीकडे आणलं. "काय म्हणालात?"

"नवं. लोंब्या नाय काय ह्या? नि ह्यो आंब्याचा पान." त्या अंगठ्याच्या नखाने दाखवत होत्या. "त्या वर्साला ते रजा संपवून जायला निघाले, दसरा आठ दिवसांवर व्हता. म्हनाले, तिकडं नुस्ती वाळू गो, आमच्या नवरीनं भात बघितला नाय कधी. मंग मी खालच्या खाचरातल्या लोंब्या कापून दिल्या. हळवा भात, लवकर येतो. माझ्या लुगड्याच्या फडक्यात बांधून नेलानी. शिमग्याला आले तवा सांगत व्हते, बांधला म्हनून. बरोबर कपाळावर."

"मला नाही बोलला."

"तुमी नव्हता. गाडीचा काय तरी सामान आनायला स्टेशनावर गेलेले ना तुमी? सकाळी बांधला नि तुमी यायच्या आत सोडून ठेवला. तुमाला गण्याच म्हनायचे ते. म्हनाले, गण्यानं बघितला तर मलाच तोफेत घालून उडवील."

पार्वतीबाई पुन्हा हसल्या. रिसालदार हसले नाहीत. ते ओटीच्या कडेवर बसले, पाठ भिंतीला टेकली आणि गुडघे वर घेतले. त्यांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी मिटले होते. बाहेर पाण्याचा आवाज तसाच चालू होता, आणि त्यात मला एखादं जड इंजिन लांबून येत असल्यासारखं वाटलं, पाणीच होतं.

"क्लचची पेटी," ते डोळे मिटूनच म्हणाले. "आगगाडी उशिरा आली. दिवसभर फलाटावर बसलो. सगळीकडे दसरा आणि मला कुणी जिलेबी दिली नाही, म्हणून चिडलो होतो. परत आलो तेव्हा बाळाराम पत्रा पुसत होता. म्हटलं, आज तू कसा? तर म्हणाला, सण आहे."

त्यांनी डोळे उघडले.

"मी विसरलो नव्हतो, वहिनी. मी नव्हतोच तिथं."

"तेच सांगते ना मी."

"बोललो असतो का हो त्याला? सणाच्या दिवशी?"

पार्वतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलून बरं वाटवायची त्यांना सवय नसावी.

"तुमी बोंबलला असता," त्या म्हणाल्या. "पन त्यांना चालायचा. नायतर बांधलाच नसता."

परतताना रिसालदारांनी खोकं मागे ठेवू दिलं नाही. ते मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी बुटक्या खुर्चीतलं पाणी ओतलं गेलं. राहिलेली चाकं बसली, नळकांडं डावीकडे गेलं. उंचवट्याला पातं लागलं नाही. उलट तिथेच सगळ्यात जास्त दिवस गेले. गाडी खाकी-हिरव्या रंगाने रंगवून झाल्यावर त्यांनी काकींच्या शिवणाच्या सुईने त्या चारपाच दाण्यांएवढ्या जागेवर लोंब्यांचा रंग लावला. पहिल्यांदा पिवळा झाला, तो पुसला. हळव्या भाताची लोंबी कापली तेव्हा थोडी हिरवट असणार. पानाचा प्रश्न जास्त कठीण होता. वरंधपासून वाळूच्या मुलखापर्यंत आगगाडीच्या प्रवासात आंब्याचं पान कसं दिसेल? त्यांनी एक पान फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं आणि तितक्याच दिवसांनी काढून पाहिलं. कडेने तपकिरी, मधे मळकं हिरवं. तसं रंगवलं.

मग त्यांनी आणखी एक काम केलं, जे आम्हाला आधी कळलं नाही. इतके दिवस ते नवरी जशी असायची तशी करत होते, धुतलेली, समितीपुढे उभी करण्याजोगी. आता त्यांनी तिच्यावर धूळ बसवली. मागच्या चाकांवर दाट, पुढे विरळ, आणि कपाळाचा पत्रा स्वच्छ, कारण नवं बांधण्याआधी बाळारामने तो पुसलाच असणार. चालकाचं झाकण त्यांनी बंद ठेवलं. चालक त्या दिवशी स्टेशनावर होता.

संदीपने कंपनीला पुन्हा लिहिलं: ती खुंटी नाही, भाताच्या लोंब्या आहेत. उत्तर आलं, माहिती फार रोचक आहे, पुरावा असल्यास कृपया पाठवावा. या वेळी रिसालदार खूप हसले.

"लिही त्यांना," ते म्हणाले. "पुरावा वरंधला राहतो. ईमेल वापरत नाही."

विसरणं थांबलं नाही. आश्विनात ते एकदा दूध आणायला गेले आणि रिकामी किटली घेऊन परत आले. पण आता उत्तर देऊन झाल्यावर ते कुणाच्या तोंडाकडे पाहत नसत. आठवलं नाही तर म्हणत, "नसेन मी तिथं," आणि पुढच्या कामाला लागत.

दसऱ्याला ते काकींना आणि नवरीला घेऊन वरंधला गेले. मी आपट्याची पानं द्यायला दुपारी पोचलो. धुकं गेलं होतं; किती दिवसांनी डोंगर जागेवर दिसत होता. पार्वतीबाईंनी ओटीवर पाटावर कोयता, विळे, भाजी चिरायची पावशी, पाटा मांडला होता. त्यांच्यामध्ये नवरी होती. विळ्याच्या पात्यापेक्षा लहान. तिच्या कपाळावरच्या लोंब्या जवळ जाऊन पाहिल्या तरच दिसत होत्या.

पार्वतीबाई एकेका अवजाराला नवं बांधत आल्या. नवरीपाशी थांबल्या. जुडी तिच्यावर ठेवली असती तर गाडी दिसलीच नसती. त्यांनी जुडीतून एक लोंबी ओढून काढली आणि नवरीवर आडवी ठेवली. ती नळकांड्यापासून तोफेच्या टोकाच्याही पुढे गेली आणि दाण्यांच्या भाराने मधे झुकून चालकाच्या झाकणासमोर पडदा होऊन राहिली.

काकींनी रिसालदारांकडे पाहिलं. पार्वतीबाईंनीही पाहिलं आणि हात पुढे केला. "मागं ठेवू काय, भावोजी?"

रिसालदार पुढे झाले. गुडघ्यावर हात ठेवून ते पाटासमोर खाली बसले, त्यांना जमत नव्हतं तरी बसले. लोंबीला त्यांनी हात लावला नाही. त्यांनी मान वाकवली, अगदी जमिनीपर्यंत, आणि लोंबीच्या खालून, झाकणाच्या उंचीवरून, नवरी ज्या दिशेला तोंड करून होती तिकडे पाहिलं. तिकडे उघडं दार होतं, आणि दारापलीकडे खालच्या खाचरात भात पिकलं होतं.